रंग हा आजार नाही, क्रीमचा आजार मात्र खरा



लग्नसराईच्या आधीची गोष्ट. दोंडाईच्यातल्या आमच्या वस्तीत एक आई आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी बावीस वर्षांची, बारावी झालेली, सकाळी शिलाई मशीन चालवते, दुपारी लहान मुलांची शिकवणी घेते. तोंडाला ओढणी गच्च बांधलेली. ओढणी सोडली तेव्हा गाल लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर आणि कानशिलाजवळ लव वाढलेली. उन्हात गेले की तोंड भाजल्यासारखे होते, आणि क्रीम लावली नाही तर दोन दिवसांत आणखी लाल होते, असे ती म्हणाली. आईने पिशवीतून ट्यूब काढली. आम्ही तिच्यावरचे बारीक अक्षर वाचले. ते खाजेवरचे, इसबावरचे औषध होते. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ती ट्यूब मुलगी सहा महिने रोज रात्री तोंडाला चोळत होती.

कशासाठी, असे विचारले तर आई खाली बघून म्हणाली, "तीन स्थळं येऊन गेली ताई. पोर काळी शे, कोण करी इले?"

या मुलीला काही आजार नव्हता. तिचा रंग सावळा होता, एवढेच. आजार झाला तो रंगावर उपचार केल्यामुळे. वस्त्यांत काम करताना अशा मुली, सुना, आणि आता मुलगेसुद्धा आम्हाला भेटतात. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही याच विषयाला दिले आहे.

रंग येतो कुठून?

आपल्या कातडीच्या वरच्या थराखाली रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग बनवतात त्याला मेलॅनिन म्हणतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यामुळे, आणि ते आईवडिलांकडून येते.

मेलॅनिनचे काम काय? उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणे. आपल्या बायका चैत्र-वैशाखात शेतात राबतात, मिरचीच्या पथारीवर दिवसभर बसून देठ खुडतात. खान्देशातल्या त्या उन्हात त्यांच्या कातडीवर निसर्गानेच छत्री धरलेली असते. कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत जास्त आणि सावळ्या-काळ्या लोकांत कमी आढळतो, त्याचे हे मोठे कारण आहे. म्हणजे ज्याला आपण खोट म्हणतो ते शरीराचे संरक्षण आहे.

उन्हामुळे रंग थोडा गडद होतो, सावलीत राहिले की थोडा उतरतो. पण जन्मतः जो मूळ रंग आहे, म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला दिसतो तो, त्याच्यापेक्षा कायमचा गोरा करणारी सुरक्षित क्रीम जगात नाही. बेसन, मलई, हळद लावून कातडी मऊ होईल, मळ निघेल. रंग बदलणार नाही. लिंबू चोळून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि डाग राहतात. टूथपेस्ट आणि खायचा सोडा तर तोंडाला लावूच नये.

ट्यूबमध्ये काय असते?

बाजारात गोरेपणाच्या नावाने मिळणाऱ्या सगळ्या क्रीम सारख्या नाहीत. हिंदुस्तान लिव्हरने 1975 साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे काळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, अशा जाहिराती घराघरात पोचल्या. 2020 मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा तिचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. अशा नोंदणीकृत क्रीमचे नुकसान मुख्यतः पैशाचे आणि मनाचे असते. शरीराला खरा धोका आहे तो पुढच्या दोन प्रकारांचा.

पहिला प्रकार स्टेरॉईडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे ट्यूबवर असतील तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. काही ट्यूबमध्ये त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. वांगाच्या डागांवर डॉक्टर हे मिश्रण ठरावीक आठवडे देतात, मग थांबवतात. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे चालते.

स्टेरॉईड लावले की रक्तवाहिन्या आकसतात, रंग बनवणे मंदावते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळ दिसतो. सगळे म्हणतात, काय फरक पडला! मग कातडी पातळ होत जाते. लालसर शिरा दिसतात, मुरुम येतात, लव वाढते, ऊन सहन होत नाही. क्रीम थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. हे व्यसनासारखेच चक्र आहे. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 प्रकारची स्टेरॉईड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी चिठ्ठी न विचारता ती हातात पडतात, हे आम्ही रोज पाहतो.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. हा अधिक घातक. पारा कातडीत रंग बनण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा पटकन उजळतो. पण तो कातडीवाटे रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की रक्तातले प्रथिन लघवीतून वाहून जाऊ लागते. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पाय सुजतात, रक्तदाब वाढतो. आपल्या देशात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही. नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग, त्याहून जास्त नको. तरीही बिनानावाच्या डब्यांत आणि चोरट्या मार्गाने आलेल्या क्रीममध्ये तो सापडतो.

अकोल्यात काय घडले

हे दूरच्या देशातले नाही. आपल्या महाराष्ट्रात, अकोल्यात, 2022 साली एका शिकणाऱ्या मुलीने ब्युटिशियनकडून गोरे होण्याची क्रीम आणली. चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून तिच्या आईने आणि बहिणीनेही तीच क्रीम लावायला सुरुवात केली. काही महिन्यांत एका घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. एकाच घरात एकाच वेळी तिघींना हा आजार कसा, हा प्रश्न डॉक्टरांना पडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला. क्रीम तपासली तेव्हा तिच्यात मोठ्या प्रमाणात पारा निघाला.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असेच आढळले. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण त्यांनी नोंदवले. त्यांतल्या 15 जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार होता, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी आजाराआधी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. दिलाशाची गोष्ट ही की क्रीम थांबवल्यावर त्यांतले बहुतेक रुग्ण सुधारले. म्हणून वेळेवर ओळखणे महत्त्वाचे.

एक लक्षात ठेवा. पारा लावणाऱ्यापुरता राहत नाही. त्याची वाफ घरात पसरते, टॉवेलला आणि उशीला तो लागतो, मांडीवर घेतलेल्या लेकराच्या अंगाला लागतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही तो पोचतो.

लोहाच्या गोळीला का नाकारता?

रंगाच्या भीतीने होणारे याहून मोठे नुकसान आम्ही गरोदर बायांत पाहतो. आशाताई लाल गोळ्या देतात, आणि त्या गोळ्या डब्यात तशाच पडून राहतात. का? सासूबाई म्हणतात, "गोळी खाल्ली तर बाळ काळं होतं."

असे होत नाही. लोहाच्या गोळीने बाईची शौच काळी होते, कारण न पचलेले लोह तिच्यातून बाहेर पडते. बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही, नारळपाण्याने होत नाही. बाळाचा रंग आईवडिलांच्या वारशाने आधीच ठरलेला असतो. जन्मल्यावर कित्येक बाळे उजळ दिसतात आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांचा खरा रंग येतो. त्यात बाळंतिणीची चूक नसते, न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईचीही नसते. नाजूक अंगाला पिठाचा गोळा खसाखसा घासला तर मात्र बाळाला पुरळ उठते.

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले तर तो रक्तक्षय. 7 च्या खाली गेले तर जिवाला धोका, कारण बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी ती बाई तग धरू शकत नाही. अशा बाईला आपण कधी "काय उजळली गं, गरोदरपण मानवलं" म्हणतो. ती उजळलेली नसते, फिकी पडलेली असते. सावळ्या बाईचा फिकेपणा गालावरून कळत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग बघा, जीभ बघा, नखे बघा. ती पांढरट असतील तर लगेच रक्त तपासून घ्या.

आता एक उलटी गोष्ट. मानेवर, काखेत काळसर, जाड, मखमलीसारखा पट्टा दिसतो तो मळ नसतो. घासून तो जात नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलामुलींची क्रीमवर पैसे घालवण्याऐवजी साखर तपासा, आणि मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पांढऱ्या डागांचेही असेच. कोड संसर्गाने पसरत नाही, त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. कोड असलेल्या माणसाच्या ताटात जेवले तरी काही होत नाही.

मनाला लागलेला डाग

काळू, बुटकी, जाडी, चपट्या. ही नावे मुलांना बाहेरचे लोक नंतर ठेवतात, आधी घरातले ठेवतात. लाडाने ठेवतो असे आपण म्हणतो. पण दोन बहिणींत एकीला "ही माझी गोरी" म्हटले की दुसरीला काय कळायचे ते कळते.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या सुमारास लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारले. काळ्या मुलांपैकीही बहुतेकांनी गोरी बाहुली उचलली. पुढे 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा या अभ्यासाचा आधार घेतला गेला. त्याच समाजातून पुढे 'काळे ते सुंदर' ही घोषणा आली, आणि तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. लढण्याचे नाव आपण त्यांच्याकडून घेतले. आरशासमोर उभे राहण्याची हिंमतही घ्यायला हवी.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ तपासले होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लोकांची नाके मोजून उच्च-नीच वंश ठरवले होते. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी तीच मोजमापे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. नाक आणि रंग यांवरून जात ओळखता येते, हा समजच त्यांनी मोडून काढला. मग "तू आपल्यातली वाटत नाहीस, गोरी आहेस" हे वाक्य आपल्या वस्तीत अजून कौतुक म्हणून कसे चालते?

काही बहिणी विचारतात, बाबासाहेबांनीच तर नीटनेटके राहायला सांगितले ना? हो, सांगितले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या बायांना जात ओळखू येईल असे जड दागिने आणि लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकायला सांगितली, स्वच्छ राहायला सांगितले. दुसऱ्यांनी लादलेली खूण अंगावरून काढणे हा त्याचा अर्थ. कातडी ही कोणी लादलेली खूण नाही. स्वच्छ कपडे घाला, केस विंचरा, आवडत असेल तर पावडर-टिकली लावा, त्यात काही गैर नाही. स्वतःला लपवण्यासाठी विष चोळू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

धम्मातही हेच सांगितले आहे. वासेट्ठ सुत्तात तथागत म्हणतात की प्राण्यांच्या जाती शरीराच्या खुणांवरून वेगळ्या दिसतात, माणसांत तसे नाही. केसांवरून नाही, नाकावरून नाही, रंगावरूनही नाही. माणसांतला फरक कर्माने पडतो. लकुण्टक भद्दिय नावाचे भिक्खू फार ठेंगणे होते, दिसायला कुरूप समजले जात, इतर भिक्खू त्यांना तुच्छ लेखत. ते दुरून येताना दिसले तेव्हा भगवंतांनी सर्व भिक्खूंसमोर त्यांच्या थोरवीची ओळख करून दिली. त्यांना उंच किंवा देखणे करण्याची गरज भगवंतांना वाटली नाही. बघणाऱ्यांची नजर सुधारण्याची गरज वाटली. येत्या वर्षावासात विहारात ही कथा मुलांना जरूर सांगावी.

आपले रूप स्वीकारायचे म्हणजे रोज आरशात बघून खूश व्हायचे, असे नाही. एखाद्या दिवशी वाईट वाटेल. पण त्या वाईट वाटण्यापायी शरीराला शिक्षा करायची नाही, शिक्षण सोडायचे नाही, लोकांत जाणे टाळायचे नाही. कोणी मुलगा-मुलगी रूपापायी घराबाहेर पडत नसेल, जेवण सोडत असेल, जगून काय करू असे बोलत असेल, तर त्याला रागावू नका. जवळ बसा, आणि 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते.

आज काय करावे

1. घरातली प्रत्येक क्रीम उजेडात घेऊन वाचा. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, घटक, बॅच क्रमांक यांपैकी काही नसेल तर वापरू नका. साध्या डबीत भरून दिलेली 'स्पेशल' क्रीम कोणाकडूनही घेऊ नका.

2. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराईड, कॅलोमेल असे शब्द असतील, किंवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल, तर पाऱ्याचा संशय घ्या. लगेच बंद करा, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना दाखवायला ठेवा. टॉवेल आणि उशीचे अभ्रे वेगळे धुवा.

3. अशी क्रीम लावलेली असेल आणि लघवीला फेस किंवा अंगावर सूज असेल तर लघवीतले प्रथिन, रक्तातले क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासा. सुरुवात दोंडाईच्याच्या उपजिल्हा रुग्णालयात करा. क्रीम लावत होतो हे डॉक्टरांना लाजू नका, सांगा. ते न सांगितल्यामुळे कारण सापडत नाही.

4. स्टेरॉईडची ट्यूब महिनोन् महिने लावली असेल तर ती सोडल्यावर चेहरा भडकतो. घाबरून पुन्हा स्वतःच्या मनाने लावू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोग डॉक्टरांकडे जा. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येते. सुधारायला काही महिने लागतात, धीर धरा.

5. उन्हात काम करताना रुमाल आणि पूर्ण बाह्या वापरा, पाणी प्या. हे रंगासाठी नव्हे, उष्माघातापासून वाचण्यासाठी.

6. गरोदर सुनेच्या हातावर लोहाची गोळी सासूने स्वतः ठेवावी. जेवणानंतर, पाण्यासोबत. चहासोबत नको, चहाने लोह शोषले जात नाही. वर लिंबू-पाणी दिले तर उत्तम.

शेवटी एक विनंती विहार समित्यांना आणि वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना. आपल्या परिचय-पत्रकात शिक्षण, नोकरी, उंची यांच्या ओळीत 'रंग' असा एक रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असे लिहितात, आणि काळा असेल तर सावळा लिहितात. तो रकाना काढून टाका. त्याऐवजी रक्तगट आणि सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे विचारा. खान्देशात सिकलसेलचे वाहक आढळतात. दोघेही वाहक असतील तर लेकराला तो आजार होऊ शकतो. लग्नाआधी कळायला हवे ते हे.

सुरुवातीला सांगितलेली मुलगी धुळ्याला उपचार घेते आहे. गालाची आग कमी झाली, लाली अजून पुरती गेलेली नाही. मागच्या पौर्णिमेला ती ओढणी न बांधता विहारात आली आणि मुलांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतले. आईने अजून स्थळ बघणे थांबवलेले नाही, पण नव्या परिचय-पत्रकात रंगाची ओळ तिने स्वतःच खोडली आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.